चिठ्ठीपेटीत पडलेलं अकरावं प्रकरण

प्रभूमध्ये प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा सप्रेम सलाम. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे तुझी भावजय बरी आहे आणि मी बरा नसण्याचं काही कारण नाही, असं तिचं म्हणणं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डावा दुखतो म्हणाली होतीस आणि त्याच्या आधीच्या पत्रात उजवा, तेव्हा एकदा काय ते ठरवून कळव, म्हणजे नेमकी प्रार्थना करता येईल. भावोजींना सलाम. माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलास हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या कपाटावरचा पणजोबांचा तो शर्यतीत जिंकलेला कप, त्यात खोचलेल्या सुया आणि वर बसवलेला लोकरीचा गुंडा, सगळं डोळ्यांसमोर आलं. (या खेपेस दोन्ही बाह्या एकाच माणसाच्या असू देत. मागचा स्वेटर घातला की लोक मला वाकडा समजतात.)

पत्राला चार महिने उशीर झाला. त्याचं कारण सांगतो, पण हे भावोजींना सांगणार नाहीस अशी आधी शपथ घे. (शपथ घेऊ नये असं शास्त्रात आहे, तेव्हा नुसतं हो म्हण.) गेली चार वर्षं मी बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकावर विवरण लिहितोय, असं तुला, तुझ्या भावजयीला आणि अख्ख्या मंडळीला मी सांगत आलोय. ताई, ते खोटं आहे. गणनेचा मी पहिला अध्यायसुद्धा पुरा वाचलेला नाही, त्यात सगळी मोजामोजी आहे. मी लिहितोय कादंबरी. ख्रिस्ती ऐतिहासिक रहस्यकथा! प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक वचन आणि शेवटी एक प्रेत. गुन्हा खराखुरा घडलेला, फक्त प्रेतं माझ्या पदरची. गणनेचं नाव अशासाठी निवडलं, की त्याबद्दल कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. आमचे नवे पाळक तेवढे विचारायचे. तरुण आहेत, भाबडे आहेत, जाड चष्मा लावतात आणि कुणीही काहीही सांगितलं तरी वहीत टिपून घेतात. त्यांना मी एकदा सांगितलं की सध्या मी इस्राएली लोकांबरोबर वाळवंटात अडकलोय. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोवर सात प्रकरणं झाली होती.

आता तो खरा गुन्हा कुठला हे तुला ठाऊक आहेच, तरी सांगतो, कारण तू नेहमी नेमका मधला भाग विसरतेस. सत्त्याण्णव वर्षांपूर्वी आपल्या चर्चमधला प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला सामानाच्या खोलीतून नाहीसा झाला. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक मुख्य पंचांकडे आणि दुसरी घंटावाल्याकडे, म्हणजे आपल्या पणजोबांकडे. मुख्य पंच बसायचे पहिल्या बाकावर आणि घंटावाला दोरखंडाखाली, त्यामुळे चोर कोण हे ठरवायला मंडळीला अर्धा तासही लागला नाही. नोंदवहीत पणजोबांच्या नावावर लाल शाईची रेघ मारली. पुढे बावीस वर्षं, दर रविवारी, तो माणूस तिसऱ्या खिडकीबाहेर उलटी बादली टाकून बसायचा आणि आतली गाणी बाहेरून म्हणायचा. भिंतीमुळे सूर उशिरा पोचायचा, म्हणून तो सगळ्यांच्या एक शब्द मागे असायचा. आपली आजी तेव्हा सात वर्षांची. तिचं नाव काही कापलं नव्हतं. ती त्या खिडकीशेजारी शेवटच्या बाकावर बसायला लागली आणि तेव्हापासून आपलं घराणं तिथेच बसतं. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा प्याला तेव्हाही पहिल्या बाकापासून निघायचा आणि अजूनही तिथूनच निघतो. आपल्यापर्यंत येईस्तोवर तो नुसता ओला असतो. (लहानपणी मला वाटायचं प्रभुभोजन म्हणजे वास घेणं. तू मला तसंच शिकवलं होतंस.)

तर पणजोबा निर्दोष होते हे सिद्ध करायचं, म्हणून ही कादंबरी. नुसती भावना नव्हे, माझ्याकडे पुरावा होता. जुन्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलंय, की चोरीच्या सकाळी माळ्यानं एका माणसाला मागच्या बाजूनं जिवाच्या आकांतानं धावत जाताना पाहिलं. आणि पणजोबांचा पाय? जन्मापासून दोन बोटं आखूड! घंटेच्या जिन्याच्या अठरा पायऱ्या चढायला त्यांना एक गाणं लागायचं. असला माणूस धावेल? धावूच शकत नाही! हा मुद्दा मी नवव्या प्रकरणात असा काही ठासून मांडलाय, की माझं मलाच रडू आलं. माझ्या कादंबरीत खरा चोर निघतो मुख्य पंच. (खुनीही तोच, पण खून माझे.)

माझी लिहिण्याची रीत तुला माहीत नाही. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासली, त्यामुळे मोठा कागद समोर आला की मला त्यात चुकाच दिसतात, लिहिणं सुचत नाही. म्हणून कटिंग मशीनखाली उरलेल्या पट्ट्या घरी आणल्या होत्या, त्यांच्यावर लिहितो. एका पट्टीवर एक प्रसंग. मग पट्ट्या पुढेमागे केल्या की झालं प्रकरण. आणि खरं सांगतो, सगळ्यात चांगलं सुचतं ते रविवारी शेवटच्या बाकावर, सूचना चालू असताना. लोकांना वाटतं मी उपदेश टिपून घेतोय. आता यात एकच गोम होती, जी माझ्या लक्षात यायला हवी होती. चर्चच्या चिठ्ठीपेटीत प्रार्थनेच्या विनंत्या टाकायला ज्या पट्ट्या ठेवतात, त्याही त्याच मशीनखालच्या. तोच कागद, तोच आकार. मीच दिल्यात.

आमच्याकडे चिठ्ठ्यांचा नियम जुना आहे. चिठ्ठीवर सही करायची नाही, पाळकांनी ती आधी वाचायची नाही, आणि व्यासपीठावरून वाचताना शब्दसुद्धा बदलायचा नाही. देवाला पाठवलेल्या पत्रात कुणी प्रुफं तपासायला बसू नये, असा त्यामागचा विचार. तर त्या रविवारी तुझ्या भावजयीनं माझ्याकडे दोन चिठ्ठ्या दिल्या, एक तिच्या कंबरेची आणि दुसरी शेजारणीच्या डोळ्याची. मी त्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवल्या. उजव्या खिशात होतं अकरावं प्रकरण. पेटीपाशी गेलो, हात घातला, दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि पुण्य केल्याच्या थाटात येऊन बसलो.

पाळकांनी चष्मा पुसला आणि पहिली चिठ्ठी वाचली: "प्याला मीच घेतला. निरपराध माणूस बाहेर बसलाय आणि मी पहिल्या बाकावर." ताई, ते उजव्या खिशातलं माझं अकरावं प्रकरण! मंडळीत असा सन्नाटा, की बाजाची पेटी वाजवणाऱ्याच्या पोटातला आवाज मला शेवटच्या बाकावर ऐकू आला. पाळक बिचारे म्हणाले, आपण या बंधूसाठी किंवा भगिनीसाठी प्रार्थना करू, आणि खरोखर फार सुंदर प्रार्थना केली. मग दुसरी चिठ्ठी उलगडली आणि नियमाप्रमाणे, एक शब्द न बदलता, खणखणीत आवाजात वाचली: "दुसरा खून येत्या रविवारी, उपदेशाच्या आधी. पाळकाचाच."

त्या दिवशी उपदेश झाला नाही. पाळकांनी खिशातून रुमाल काढला, घड्याळाकडे पाहिलं, एका दमात आशीर्वाद म्हटला आणि बाजूच्या दारानं गेले. लोक अर्धा तास आधी घरी पोचले. पुढच्या रविवारी तर कहरच झाला. पाळकांनी उपदेशच सुरुवातीला घेतला, उपदेशाच्या आधी असं काही उरायलाच नको म्हणून, आणि तोही चार मिनिटांत. मंडळीत दबक्या आवाजात बोललं जायला लागलं, की ज्यानं कुणी ही धमकी दिलीय त्याचं देव भलं करो.

पण आमचे जमादार गप्प बसणारे नव्हेत. (पोलिसातून निवृत्त झालेत, हल्ली मंडळीची नोंदवही सांभाळतात आणि तिच्यातल्या प्रत्येकाकडे आरोपी म्हणून बघतात.) त्यांनी सहलीचं निमित्त काढून सगळ्यांकडून नावं लिहून घेतली, अक्षर जुळवायला. मी डाव्या हातानं लिहिलं. ते अक्षर इतकं भयानक आलं, की जमादारांनी मला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. तेव्हाच उठून सांगून टाकायचं ना, असं तू म्हणशील. कसं सांगू? मी पाळकांचा खून योजलाय पण तो फक्त साहित्यात, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि गणनेचं काय?

घरी मात्र तिसऱ्याच दिवशी पकडलो गेलो. तुझ्या भावजयीला खुनाचं काहीच नव्हतं, तिचा प्रश्न एकच: माझी कंबर का वाचली नाही? तिनं कोट झाडला आणि डाव्या खिशातून कंबर आणि डोळा बाहेर पडले. मग तिनं माझ्या सगळ्या पट्ट्या ताब्यात घेतल्या आणि दोन दिवस बसून वाचल्या. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाली, चौथ्या प्रकरणात विहिरीत पडते त्या कजाग बाईची कंबर कशी काय दुखते? मी म्हटलं, ऐतिहासिक सत्य. त्यानंतर आठवडाभर माझ्या चहात साखर नव्हती.

इकडे चिठ्ठीपेटीचं काय झालं ते ऐक. पहिल्या चिठ्ठीनं लोक हलले होते. कुणीतरी खऱ्या मनानं पाप कबूल केलंय म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. एरवी आठवड्याला तीन चिठ्ठ्या यायच्या, पुढच्याच रविवारी एकोणीस! पेटीवाल्यानं कबूल केलं, की घरी लवकर जाता यावं म्हणून तो अकरा वर्षं शेवटचं गाणं दामटतोय. गायनमंडळातल्या एकीनं लिहिलं, मी नुसतं तोंड हलवते. पाळकांच्या स्वागताचा केक आदल्या दिवशी कुणी खाल्ला तेही कळलं. (सही नव्हती, पण चिठ्ठीला लोण्याचा डाग होता आणि जमादार खाली बघत होते.) माणसं एकमेकांना माफ करत होती, डोळे पुसत होती. आता माझ्या चुकीतून सगळी मंडळी शुद्ध होत असेल, तर मधे तोंड घालणारा मी कोण? मी गप्प बसलो. अगदी भक्तिभावानं गप्प बसलो.

आणि मग पाचव्या रविवारी ती चिठ्ठी आली. पाळकांनी वाचली: "प्याला माझ्या आजोबांनी घेतला असावा. घंटावाल्याचं नाव निघालं की ते जेवण टाकून उठून जायचे. मी लहान होते, पण मला कळायचं." सही नसली तरी अख्ख्या चर्चला समजलं. पहिल्या बाकावरच्या मावशी, त्या मुख्य पंचांची नात. एक्याण्णव वर्षांच्या आहेत. सगळ्या मंडळीच्या मावशी आणि सगळ्या मंडळीचा धाक. त्या उठल्या. काठी टेकत मधल्या वाटेनं शेवटपर्यंत आल्या, त्यांना पोचायला किती वेळ लागला म्हणून सांगू, आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आम्हाला माफ कर रे. तुमच्या माणसाला आम्ही बाहेर बसवलं." मी तिथल्या तिथे उभा राहून सगळं ओकलो. चिठ्ठ्या माझ्या, कादंबरी माझी, खून माझे, गणना खोटी. लोक आधी थक्क झाले, मग हसले, मग हसता हसता रडले. मावशींनी हात सोडला नाही. म्हणाल्या, तू बनवून लिहिलंस, पण निघालं खरंच. पाळक तर सुटकेनं खालीच बसले, आणि मग उठून त्यांनी पाच आठवड्यांची थकबाकी एकदम वसूल केली. पंचावन्न मिनिटं! मंडळीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही.

तर ताई, आनंदाची बातमी अशी, की येत्या रविवारी पणजोबांचं नाव नोंदवहीत पुन्हा लिहिणार आहेत. लाल रेघेच्या शेजारी, काळ्या शाईत, सगळ्यांसमोर. लिहायला मला सांगितलंय. सत्त्याण्णव वर्षांनी आपल्या घराण्याचा डाग धुतला गेला, आणि तो तुझ्या या भावाच्या लेखणीनं धुतला, हे (नम्रपणे) तुझ्या लक्षात आणून देतो. मावशी तेव्हापासून माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसतात. सांगतात, पहिल्या बाकावर बसायचा आमचा हक्क नाही. एवढं एकच मला जरा लागतं. बाकी सगळं छान. गुडघ्यांना जप, तेल लाव, दोन्हींना लाव.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा धाकटा

ता.क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आज जमादार येऊन गेले. रविवारच्या तयारीसाठी त्यांनी जुनी नोंदवही काढली होती, तिची दोन पानं खळीनं एकमेकांना चिकटलेली होती, ती वाफेवर धरून सोडवली. माळ्याच्या जबानीचा पुढचा भाग त्यात आहे. धावणारा माणूस पोस्टमन होता. त्याच्यामागे कुत्रं लागलं होतं. म्हणजे माझा पुरावा थोडा कमकुवत झाला, पण काळजीचं कारण नाही. दुसऱ्या पानावर हरवलेल्या प्याल्याचं वर्णन आहे: दोन कान, त्यातला डावा वाकलेला, काठाखाली अंगठ्याएवढा पोचा, बुडावर द्राक्षांचे सात घोस. सहज विचारतो. पणजोबांच्या त्या कपाचा डावा कान जरा वाकलाय का गं?

ता.क. पुन्हा फोडलं. त्याचं उत्तर पत्रानं पाठवू नकोस, मला आठवतंय. तो कान वाकलेलाच आहे, मी लहानपणी त्यात बोट घालायचो. ताई, दोन बोटं आखूड पायाच्या माणसानं शर्यत कोणती जिंकली? मी, जो खोलीच्या पलीकडून निसटलेला अनुस्वार ओळखतो, त्यानं बासष्ट वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नाही! तूही नाही विचारलास. आणि आजी? आठवतं, मी त्या कपातून पाणी प्यायलो तेव्हा तिनं माझ्या कानाखाली वाजवली होती? आयुष्यात तेवढी एकदाच. मला वाटायचं कल्हई गेलीय म्हणून मारलं. तिला ठाऊक होतं गं. म्हणून तर मंडळीनं किती वेळा पुढे बोलावलं तरी ती शेवटच्या बाकावरून उठली नाही. आता मी काय करू? गप्प बसलो तर आपलं नाव धुतलं जातं, आणि एक्याण्णव वर्षांची बाई आपल्या आजोबांना चोर समजून मरते. तुझ्या भावजयीनं माझ्या चपला दारात आणून ठेवल्यात.

ता.क. शेवटचं. पाकीट आता फाटलंय, दुसरं घेतलंय. मी मावशींकडे जाऊन आलो. दारातच सगळं सांगून टाकलं, बसलोसुद्धा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, त्यानं तो प्याला विकला नाही? मी म्हटलं, नाही, माझ्या बहिणीच्या कपाटावर आहे, लोकर आहे त्यात. तेव्हा त्यांना लहानपणी घरात ऐकलेलं आठवलं. घंटावाल्यानं एकदा पंचांना विचारलं होतं, की घंटा वाजवून मी खाली येईपर्यंत प्याला रिकामा होतो, एखाद्या रविवारी मागच्या बाकापासून सुरू करता येईल का. त्यांचे आजोबा हसले होते. सगळेच हसले होते. त्याच आठवड्यात प्याला गेला. आजोबा जेवण टाकून का उठायचे ते आत्ता कळलं, असं म्हणून मावशी रडल्या आणि मीही रडलो. मी विचारलं, मग रविवारचं नाव लिहिणं रद्द करायला सांगू का? तर माझ्यावर डाफरल्या. म्हणाल्या, पाप केलेल्यांना वगळायचं ठरवलं तर वही कोरीच ठेवावी लागेल. नाव लिहायचं, चोरी वाचून दाखवायची, हसलेल्यांचीही नावं वाचायची, आणि या रविवारी प्याला शेवटच्या बाकापासून निघेल. त्या स्वतः पहिल्या बाकावर परत जाणार आहेत, आपली पाळी शेवटी यावी म्हणून.

तेव्हा ताई, कप पार्सलनं पाठवू नकोस, तूच घेऊन ये. सुया काढ, नीट घासून आण, लोकरीचा एक धागासुद्धा राहता कामा नये. आपल्या बाकावर तू खिडकीच्या बाजूला बस. आधी तू पी, मग मी.